एकशे अकरा देव

शहापूरच्या एसटी स्टँडसमोर ‘रुचिता आर्ट्स’ नावाचं दुकान आहे. फ्लेक्स, बिलबुकं, वाढदिवसाचे बॅनर असं सगळं तिथं होतं, पण दुकानाची खरी मिजास लग्नपत्रिकांवर. मालक साईनाथ खाणकर. वय छप्पन्न, पुढच्या दोन दातांत एक ऐसपैस फट आणि त्या फटीतून अखंड वाहणारी बडबड. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गेल्या सव्वीस वर्षांत लागलेली निम्मी लग्नं त्याच्या मशीनमधून गेली असतील. गिऱ्हाइकानं नुसतं आडनाव आणि गाव सांगायचं. पत्रिकेच्या माथ्यावरचं कुलदैवत साईनाथ न विचारता टाईप करून मोकळा. एकदा मुंबईत तीन पिढ्या काढलेलं एक कुटुंब आलं होतं, त्यांना त्यांचा देव त्यानंच सांगितला. मंडळी एवढी गहिवरली की त्यांनी काउंटरवरच नारळ फोडला. कीबोर्ड बदलावा लागला.

अशा माणसाच्या स्वतःच्या पोरीची पत्रिका माथ्यावरच अडली. स्क्रीनवर ‘॥ श्री’ एवढं उमटलं होतं आणि पुढं ती उभी काडी चार दिवस नुसती उघडझाप करत होती. साईनाथला आपलं कुलदैवत माहीत नव्हतं.

तसं आजवर त्याचं काही अडलं नव्हतं. मूळ पुरुषाबद्दल कुणी विचारलंच तर त्याच्याकडं उत्तर तयार असे आणि ते समोरच्याचा चहा गार होईपर्यंत पुरत असे. आजोबा राजस्थानात शिशाच्या खाणीत होते. आजी त्याच खाणीवर धोंडे फोडायला होती. बाप गणू तिथंच जन्मला, आणि तो दहा वर्षांचा असताना तिघं शहापूरजवळच्या सापगावात येऊन राहिली. एवढं खरं. खाणीतल्या हजेरीवाल्यानं वहीत ‘खाणकर’ लिहिलं आणि तेच आडनाव चिकटलं, हेही खरं. पुढचं सगळं साईनाथचं. आजोबा साधे मजूर नव्हते, मुकादम होते. त्यांच्या एका शिट्टीवर सातशे माणूस जमिनीत उतरायचं. गोरा साहेब टोपी काढून त्यांना रामराम करायचा. आणि त्यांचं नाव होतं नवसाजीराव. दर सांगण्याला ती खाण थोडी आणखी खोल जाई.

पुरावा म्हणून घरात दोन वस्तू होत्या. एक पितळी बिल्ला, नंबर दोनशे चौदा. दुसरी देव्हाऱ्यातली लाल कापडाची पिशवी, जी उचलताना पाहुण्यांच्या तोंडून हटकून ‘अरे बाप रे’ निघायचं. तिच्यात शिशाचे एकशे अकरा देव होते. सुपारीहून लहान, काळपट, मधोमध आरपार भोक आणि प्रत्येकाच्या अंगावर बारीक खाचा. आजोबांनी मरताना ही पिशवी गणूच्या हाती दिली आणि “जपून ठेव, हे आपलं नाय,” एवढंच बोलून डोळे मिटले. आपलं नाही म्हणजे देवाचं, हा अर्थ गणूनं लावला आणि पिशवी देव्हाऱ्यात गेली.

तेव्हापासून दर दसऱ्याला घरची सून, आता साईनाथची बायको भागीरथी, एकेक देव दुधात न्हाऊ घाली, हळदकुंकू वाही आणि मोजी. एकशे आठ भरले असते तर शोभलं असतं, पण दर वर्षी तीन जास्तीचे निघायचे. ते दूध घरातले सगळे तीर्थ म्हणून पीत. रुचिता कल्याणला रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागल्यापासून तिनं ते बंद पाडलं.

“आई, शिसं पोटात जातं त्यातून.”

“देवानं कधी कुणाचा वाईट केलाय?”

“देवानं नसेल केलं. शिसं करतं.”

तर या रुचिताचं कल्याणच्याच एका बँकेत काम करणाऱ्या स्वरूप पष्टेशी जमलं. मुलगा माळशेजच्या वाटेवरच्या वैशाखऱ्याचा. दोन्हीकडचे राजी. साईनाथनं पत्रिकेसाठी कागदसुद्धा निवडून ठेवला, आणि मग पोरगी बघायला म्हणून स्वरूपची आजी आली.

बाईजाआजी शहाऐंशीची होती. जीपमधून दोघांनी उतरवून घ्यावी लागली, पण एकदा खुर्चीत बसल्यावर तिला कुणाच्या आधाराची गरज दिसली नाही. तिनं पोरगी पाहिली, चहा घेतला, कमरेची पिशवी सोडून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरत विचारलं, “तुमचा मूळ गाव कुठला?”

साईनाथ सरसावून बसला. “आमी खाणवाले, आजी. आमचे आजोबा नवसाजीराव खाणकर...” त्यानं वीस मिनिटं घेतली. सातशेची बाराशे माणसं झाली. गोरा साहेब या खेपेला मडमेला घेऊन आला.

आजीनं सगळं शांतपणे ऐकलं. “बरा. आनि खानीच्या आदी कुठं व्हते?”

“आदी?”

“खानीत कोन उगवत नाय. मानूस कुठून तरी तिथं जातो. गाव कुठला? देव कुठला? देवक काय तुमचा?”

देवक म्हणजे लग्नाआधी मांडवात पुजतात ती कुळाची खूण, एखाद्या झाडाची डहाळी नाहीतर वेल. ज्यांचं देवक एक ते भाऊबंद, आणि भाऊबंदांत सोयरीक होत नाही.  पत्रिकेवर कुलदैवत छापतात, देवक कुणी छापत नाही. त्यामुळं दोन तालुक्यांतले देव तोंडपाठ असलेल्या या माणसाला देवक या विषयात काडीची गती नव्हती.

“आजी, हल्ली एवढं कोण बघतं?” स्वरूप हळूच बोलला.

“मी बघतंय. उद्या तुजी सख्खी भावकी निंगाली म्हंजे? तवा काय यांचा मशीन जबाब देनार हाय?” आजीनं अडकित्ता मिटला. “पंधरा दिस घ्या. देवक समजला की मी नारळ देतंय. नाय समजला तर राग मानू नका.”

 पाहुणे गेल्यावर रुचितानं कपबशा धुतल्या, पुसल्या आणि पुसलेल्या पुन्हा धुतल्या. साईनाथला ते बघवेना. पोरीनं आजवर बापाकडं हट्ट असा एकच धरला होता, आणि तो त्याच्या खाणीत अडकला होता.

दुसऱ्या दिवसापासून तो मूळ गावाच्या मागं लागला. खिशात बिल्ला आणि पिशवीतून काढून घेतलेला एक देव, सोबतीला. आधी त्र्यंबकेश्वराला गेला. तिथल्या भटजींकडं गावोगावच्या घराण्यांच्या वह्या असतात, कोण कधी श्राद्धाला आलं ते पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं. भटजींनी कौतुकानं त्याला पाटावर बसवलं आणि विचारलं, “गाव सांगा, वही काढतो.”

“गावच शोधतोय, महाराज.”

“गाव शोधा, मग या.”

मग मुरबाडच्या कचेरीत गेला. जुन्या दप्तराचा कारकून भला माणूस होता. त्यानं खाणीची सगळी गोष्ट ऐकून घेतली, मान डोलावली आणि म्हणाला, “वा. गाव कुठलं? त्यावर निघेल.” एका भगताकडं गेला, तर भगत अंगात येण्याआधीच म्हणाला, “कुळ सांग, म्हंजे कुनाला बोलवायचा ते समजंल.” राजस्थानातल्या खाणीच्या ऑफिसात त्यानं फोन लावला. पलीकडच्या बाईंनी हिंदीत विचारलं, कामगाराचं मूळ गाव काय लिहू? साईनाथनं फोन ठेवला आणि बराच वेळ भिंतीवरच्या पत्रिकांच्या नमुन्यांकडं बघत बसला. प्रत्येकीच्या माथ्यावर कुणाचा ना कुणाचा देव प्रसन्न होता.

नवव्या दिवशी रुचितानं टेबलावर पडलेला तो देव उचलून उजेडात धरला. “बाबा, या खाचा नाहीत. दात आहेत.”

“कुणाचे?”

“बघा ना. दोन दात, आणि मधे फट.” तिनं देवाकडं पाहिलं, मग बापाच्या तोंडाकडं. “आपल्याकडचीच फट आहे ही.” तीच फट तिच्याही दातांत होती, स्वरूपला म्हणे ती फार आवडायची.

साईनाथनं पिशवी उघडून दहा-पंधरा देव तपासले. सगळ्यांच्या अंगावर तेच दोन दात. म्हणजे हे देव आजोबांनीच घडवले होते, आणि घडवून झाल्यावर एकेकाला चावले होते. हे कसलं दैवत आणि ही कसली भक्ती, ते त्याला उलगडेना. तो परत मुरबाडच्या एसटीत बसला. तिथं जाऊन काय करायचं ते ठरलेलं नव्हतं, पण घरी बसून कपबशांचा आवाज ऐकण्यापेक्षा ते बरं होतं.

वाटेत सरळगावला बाजार भरला होता. एसटी थांबली तशी साईनाथ पाय मोकळे करायला उतरला. रस्त्याच्या कडेला भिमा नावाचा एक म्हातारा काळू नदीचे मासे विकायला बसला होता. मासे संपले होते, म्हणून तो मांडीवर जाळं घेऊन दुरुस्त करत होता. एकट्यानं काठावर उभं राहून गोल फेकायचं जाळं, त्याला आपल्याकडं पाग म्हणतात. पागाच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या होत्या. भिमानं एक नवी गोळी उचलली, तोंडात घातली, कचकन चावली, बाहेर काढून बघितली आणि दोरीत ओवली.

साईनाथची एसटी सुटून गेली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. त्यानं खिशातला देव काढून भिमापुढं धरला.

भिमानं तो घेतला आणि साईनाथ ‘अहो अहो’ म्हणेपर्यंत चावलासुद्धा. “जुना हाय. बेस मऊ हाय. पागाचा.”

“चावता कशाला?”

“मऊ हाय का कडक ते बघाया. कडक असला तर सूत कापतो. शिसा असा दातानंच समजतो.”

“अहो, देव आहे तो आमचा.”

भिमानं गोळीवरचं हळदकुंकू धोतराला पुसलं आणि ती अदबीनं परत केली. “असंल बाबा. आमी असले शंभर देव रोज पान्यात बुडवतो.”

घरी आला तेव्हा भागीरथी देवांसाठी नवी जरीकाठी पिशवी शिवत बसली होती. लग्नात देवांना जुनी बरी दिसणार नाही, असं तिचं म्हणणं. साठ वर्षं जाळ्याच्या गोळ्यांना दूध पाजलं, हे तिला सांगायचा धीर साईनाथला झाला नाही. आणि तिथंच त्यानं थापेचा निर्णय घेतला. त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. देव, गाव, कुळ हा सगळा माल त्याच्याकडं कंप्युटरात भरून पडलेला होता, आणि पोरीसाठी त्यातला एक उचलायचा होता, एवढंच. कुलदैवत म्हणून त्यानं जेजुरीचा खंडोबा घेतला, कारण तो अर्ध्या महाराष्ट्राचा आहे आणि कुणी हरकत घेत नाही. मूळ गाव घाटावरचं, लांबचं, धरणाखाली गेलेलं. देवकाला मात्र काही सुचेना. शेवटी त्याची नजर पत्रिकेच्या चौदा नंबरच्या बॉर्डरवर गेली. तिच्यात एक वेल आणि एक मोर होता. मोरवेल! असं एक देवक असतं, हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. त्यानं वेगळी फाईल उघडून नमुन्याची पत्रिका छापली आणि चौदाव्या दिवशी रुचिताला घेऊन वैशाखरं गाठलं.

पष्ट्यांचं घर प्रशस्त होतं. ओटीवर स्वरूप आणि बाईजाआजी वाटच बघत होती. साईनाथ जोरात आत शिरला आणि भिंतीतल्या एका लाकडी खुंटीला बॅग अडकवायला गेला.

“तिथं नको!” आजी एवढ्यानं ओरडली की त्याची बॅग हातातून पडली. “ती खुंटी मोकळी ऱ्हाते.”

बॅग मांडीवर घेऊन साईनाथनं घाटावरचं गाव, धरण, खंडोबा असं सगळं व्यवस्थित सांगितलं. थापसुद्धा पाठ करून सांगितली की कशी सरळ येते, हे त्याचं त्यालाच बरं वाटलं. आजीनं पत्रिका हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. “बरा छापलाय. आनि देवक?”

“मोरवेल,” साईनाथ ठासून म्हणाला.

 स्वरूपनं डोक्याला हात लावला. आजीनं पत्रिका खाली ठेवली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच मवाळ झाला. “मंग झाला. मोडला रे पोरा. आमचा देवक मोरवेल. म्हंजे तुमी आमी भाऊबंद. ही पोर याची बहीन लागते.”

गेले चौदा दिवस स्वतःचं देवक ठरवण्यात साईनाथ इतका गर्क होता की समोरच्यांचं कुठलं, हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्यानं रुचिताकडं पाहिलं. ती रडत नव्हती. ओटीवरच्या रिकाम्या कपबशा गोळा करत होती.

ते बघून त्याचा बांध फुटला. “नाय हो आजी! मोरवेल नाय, खंडोबा नाय, धरण नाय. सगळं मी चौदा नंबरच्या बॉर्डरवरून उचललं. मला माझं गाव माहीत नाय. आजा मुकादम नव्हता. शिट्टी नव्हती, मडम नव्हती. साधा खाणीत खपणारा माणूस. त्यानं एवढंच मागं ठेवलं, आणि हे सुद्धा देव नाय, जाळ्याच्या गोळ्या हायेत.” बोलताना तो सापगावच्या बोलीवर कधी आला ते त्याला कळलं नाही. त्यानं खिशातली गोळी काढून आजीच्या तळहातावर ठेवली.

आजीनं ती अंगठ्यानं चाचपली. दातांच्या खुणांवरून तिचा अंगठा दोनदा फिरला. “आज्याचा नाव काय बोललास?”

“नवसाजी...”

“खरा सांग.”

“नवसू,” साईनाथ म्हणाला. “नवसू आणि सावळी.”

आजीच्या मांडीवरचा अडकित्ता खाली पडला. तो कुणी उचलला नाही.

“माजा सासरा भगीरथ,” ती बोलू लागली. “त्यानं दोन वर्सं बसून पाग विणला व्हता. आख्ख्या गावात तसला नव्हता. खालच्या आळीचा नवसू त्याचा जिवाचा दोस. एका दिसासाठी मागून नेला, आनि काळूला लोंढा आला, पाग गेला. सासरा बोलला, सूत मी परत विणीन रे, पन शिसा कुठून आनू? लढाई चालू व्हती, सगळा शिसा गोळ्यांना जायाचा, बाजारात गुंजभर मिळंना. नवसू बोलला, तू वीण, शिसा मी आनतो. आनि बायकोला घेऊन निंगाला. कोनीतरी त्याला सांगितलान की उत्तरंला शिशाची खान हाय.”

“म्हणून ते खाणीत गेले?” रुचितानं विचारलं.

“एका पागाच्या शिशासाठी!” आजी हसली, आणि हसतानाच तिनं पदर डोळ्याला लावला. “मी बारा वर्सांची लगीन होऊन आले तवा नवा पाग विणून तयार व्हता, काठाला शिसा नाय. ही खुंटी त्याची. सासऱ्यानं दुसऱ्याचा शिसा लावला नाय. नवसू येल, म्हनायचा. मरंस्तवर म्हनायचा. पाग उंदरांनी खाल्ला, पन खुंटीवर दुसरा काय टांगू दिला नाय.”

साईनाथला खाली बसावंसं वाटलं. तो बसलेलाच होता. आजोबा चौदा वर्षांनी शिसं घेऊन परतले, सापगावापर्यंत आले. तिथून वैशाखरं म्हणजे एका दिवसाची पायवाट. ती मात्र त्यांना उरलेल्या जन्मात चालवली नाही. एवढ्या उशिरा कुठल्या तोंडानं जायचं, असं वाटलं असेल. या माणसाला आपण शिट्टी दिली, साहेब दिला, मडम दिली. त्याची साईनाथला मनापासून लाज वाटली.

“मरताना ते बोलले होते,” तो कसाबसा म्हणाला, “जपून ठेव, हे आपलं नाय.”

“नायच मुळी तुमचा,” आजी म्हणाली. “आमचा हाय.” आणि मग नेहमीच्या आवाजात, “पयल्याच दिशी नवसू बोलला असतास तर सगळ्यांचे पंधरा दिस वाचले असते. म्हनं नवसाजीराव!”

पुढचं सगळं तिच्याकडं तयारच होतं. नवसू घुड्यांचा. खालच्या आळीत त्याच्या भावकीची चार घरं अजून आहेत. त्यांचं देवक कळंब, देव बहिरी. कळंब आणि मोरवेल, सोयरीक बिनधास्त होते. साईनाथ ‘घुडे’ ऐकून हबकलाच. वैशाखऱ्याच्या घुड्यांच्या पाच पत्रिका त्यानं स्वतः छापल्या होत्या. पाच वेळा स्वतःचं कुलदैवत आपल्या हातानं टाईप केलं होतं आणि एकदा तर त्याच्या रंगावरून गिऱ्हाइकाशी भांडणही केलं होतं.

“पन नारळ आज नाय,” आजी म्हणाली. “आदी पाग.”

भिमानं पाग विणायला दीड महिना घेतला. दरम्यान भागीरथीला खरं सांगावं लागलं. साईनाथला वाटलं होतं, ती रडेल. तिनं देव्हाऱ्यासमोर बसून सगळ्या गोळ्यांना शेवटचं हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, “इतकी वर्सं घरात राहून तुमच्या आज्याचा शबूद सांभाळला. देव आनखी काय करतो?” मग जरीकाठी पिशवी तशीच पुरी केली. गोळ्या ओवायचं काम मात्र आपण करणार, असं साईनाथनं भिमाला बजावलं होतं. अंगणात पाग पसरून तो बसला. पहिली गोळी उचलली, इकडंतिकडं बघितलं आणि आजोबांच्या खुणांत आपले दोन दात ठेवून बघितले. बरोबर बसले. डोळ्यांत पाणी आलं.

“बाबा! थुंका आधी!” रुचिता आतून धावत आली.

वैशाखऱ्याला पाग घेऊन गेले तेव्हा खालच्या आळीतले घुडे झाडून सगळे जमले होते. नवा चुलता बघायला, आणि पत्रिकेत सूट मिळते का तेही बघायला. स्वरूपनं पाग खुंटीला टांगला. बाईजाआजी उठून उभी राहिली, सासऱ्याच्या फोटोकडं बघून म्हणाली, “मामंजी, नवसू आला वो,” आणि काठावरून बोटं फिरवत गोळ्या मोजू लागली.  एकशे आठवर तिचं बोट थांबलं.

“मामंजी पागाला एकशे आठच सांगायचे. ही तीन कशाला?”

 साईनाथनं त्या तीन गोळ्या बोटांनी चाचपल्या.

“उशीर झाला म्हणून असतील, आजी.”

आजीनं मान हलवली. स्वरूपला सांगून तिनं त्या तीन गोळ्या सोडवून घेतल्या आणि साईनाथच्या हातावर नारळ ठेवला, नारळावर त्या तिघी. “या तुज्या. देव्हारा रिकामा वाटत असंल, तिथं ठेव. आता त्या तुमच्याच.”

“पण तीर्थ नाही,” रुचिता हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साईनाथनं सकाळी दुकान उघडलं. ‘॥ श्री’ पुढं इतके दिवस थांबलेल्या काडीला त्यानं पुढं सरकवलं आणि ‘बहिरीदेव प्रसन्न ॥’ टाईप केलं. मग पत्रिकेत खाली आला. वधूच्या नावाखाली पणजोबांच्या जागी त्यानं दोन महिन्यांपूर्वीच मोठ्या हौसेनं ‘कै. नवसाजीराव खाणकर’ असं सोनेरी अक्षरांत टाकून ठेवलं होतं. ते त्यानं एकेक अक्षर करत पुसलं आणि साध्या काळ्या अक्षरांत लिहिलं, ‘कै. नवसू घुडे, मु. पो. वैशाखरे’.